डाव्या कानामागचा गुंता

मित्रांनो, मी एक जुना गुंता आहे. दोऱ्याचा नव्हे, मांज्याचाही नव्हे. मी माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता आहे. घाबरू नका, आता मी कुणाच्या डोक्यात नाही. लातूरच्या एका मेडिकल कॉलेजात बोटाएवढ्या काचपट्टीवर चिकटून बसलोय. माझे एकूण तेरा काप केले आणि तुमच्याशी बोलतोय तो सातवा. बाकीचे बारा त्या लाकडी पेटीच्या खोबणींत उभे आहेत. ते बोलत नाहीत, पण ऐकत असावेत असं मला वाटतं.

आज विज्ञान दिन म्हणून तुमच्या बाई तुम्हाला इकडे घेऊन आल्या आणि तुम्ही एकेक जण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावताय. एकाने मला बघून नाक मुरडलं. एकीला मी रांगोळीसारखा वाटलो, तिचं भलं होवो. तुमचा डोळा वरून येतो तेव्हा मला तो केवढा तरी मोठा आणि ओला दिसतो, मलाही थोडी भीतीच वाटते. पण डोळा लावलाच आहे, तर माझी हकिकतही ऐका.

मला कुणी घडवलं, असं विचाराल तर कुणीच नाही. सत्यशीला नावाची एक मुलगी आईच्या पोटात होती, तेव्हाच तिच्या डाव्या कानामागे, मेंदूच्या कडेला, मी तयार झालो. तिच्या आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून नव्हे, की कुणाची नजर लागली म्हणून नव्हे. निसर्गाच्या हातून एक चूक झाली, बस्स. तिला नाव ठेवायच्या आधीपासून मी तिथे होतो.

चूक काय झाली ते सांगतो. शेतात पाटाचं पाणी कसं येतं? पाटातून चारीत, चारीतून सरीत, सरीतून पिकाच्या मुळाशी, आणि उरलंसुरलं ओढ्याला. शरीरातही तसंच असतं. रोहिणीतून रक्त जोरात येतं, बारीक बारीक केशवाहिन्यांत वाटलं जातं, तिथे त्याचा जोर मरतो, मग ते निवांत नीलेतून परत जातं. माझ्यात केशवाहिन्याच नव्हत्या. पाट थेट ओढ्याला जोडलेला. रोहिणीतलं रक्त धाडकन नीलेत आदळायचं. नीलेची भिंत असा मारा सोसायला केलेलीच नसते. ती बिचारी कुठे फुगली, कुठे जाड झाली, कुठे कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ राहिली. आणि रक्त असं धावायचं त्याचा आवाज यायचा. गुर्र, गुर्र, गुर्र. लांब कुठेतरी भरलेला ट्रक चढ चढत असावा तसा. सत्यशीलाला तो जन्मापासून येत होता. सगळ्यांनाच असा आवाज येत असेल असं तिला वाटायचं, म्हणून ती कुणाला बोलली नाही.

तिचं गाव किल्लारीच्या अंगाला. बाप देविदास, शेतकरी माणूस. आई नागाबाई. एक धाकटा भाऊ, मल्लिकार्जुन, दीड वर्षाचा. घर दगडमातीचं, वर मातीच्या जड छपराचं माळवद, भिंती हातभर जाडीच्या.

एकोणीसशे त्र्याण्णव साल, सप्टेंबर महिन्याचा शेवट. आदल्या दिवशी गावाने गणपती बोळवले होते. पहाटे चार वर्षांची सत्यशीला एकाएकी उठून बसली आणि रडायला लागली. डाव्या कानावर हात आणि तोंडात एकच शब्द, "गुरगुरतंय." देविदास वैतागला. पोरगी गप्प बसेना, तेव्हा त्याने तिला खांद्यावर टाकलं आणि बाहेर खळ्यात नेऊन फेऱ्या मारू लागला. पाच-सात फेऱ्या झाल्या असतील. मग जमीन गुरगुरली. ती माझी गुरगुर नव्हती. मी तिच्या कवटीच्या आत होतो तरी मला ती खालून, तिच्या बापाच्या हाडांतून वर येताना कळली. घर बसलं. नागाबाई आणि मल्लिकार्जुन आतच राहिले.

त्या पहाटे गावात किती गेले ते मी सांगत नाही. तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांना ठाऊक आहे. पण तिसऱ्या दिवशी, ताडपत्रीखाली बसल्या बसल्या, कुणीतरी देविदासला विचारलं की बाबा, तू कसा काय वाचलास? त्याने जे घडलं ते सांगितलं. ऐकणाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. पोरगी कानाला हात लावून गुरगुरतंय म्हणाली आणि लगेच भूकंप झाला. झालं! ह्या लेकराला जमिनीचं कळतं, असं गावाने ठरवून टाकलं.

इथून माझे मानाचे दिवस सुरू झाले, मित्रांनो.

गाव दुसरीकडे नव्याने वसलं. सरकारने सिमेंटची घरं दिली, पण छताखाली निजायला कुणाचा जीव धजेना. जो तो घरासमोर पत्र्याचं शेड ठोकून त्यातच राहू लागला. त्या भागात जमिनीतून अधूनमधून आवाज येतात, आजही येतात. तसा आवाज आला की लोक देविदासच्या शेडपुढे जमायचे. सत्यशीला पोतं अंथरून आडवी व्हायची, डावा कान भुईला लावायची आणि डोळे मिटायची. सगळं गाव श्वास धरून उभं राहायचं. मग ती सांगायची, हाय किंवा न्हाई.

आता गंमत बघा. कानावर तळहात घट्ट दाबून धरा. बाहेरचं ऐकू येणं थांबतं आणि आतलं मोठं होतं की नाही? तिचंही तेच व्हायचं. ती जमिनीला कान लावायची आणि मला ऐकायची. दिवसभर उन्हात खुरपून आली असेल, ताप असेल, घाबरलेली असेल, तर रक्त जोरात धावायचं आणि मी जोरात बोलायचो. मग ती म्हणायची, हाय. की झालं, खाटा बाहेर, म्हातारे बाहेर, दूध-दुभतं बाहेर, चार दिवस शाळा झाडाखाली. भूकंप आला नाही तर तिला कुणी खोटं पाडायचं नाही. उलट म्हणायचे, बाई जागी होती म्हणून टळलं. अशा माणसाचं कधी चुकतं का?

तिच्या डोक्याला सगळं गाव हात जोडायचं. हात जोडायचे ते मलाच, असं मी धरून चालायचो. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण पुढे पुढे मलाही खरं वाटू लागलं. आपल्याला जमिनीचं कळतं, आपण आहोत म्हणून हे गाव आहे, अशी घमेंड मला चढली.

सत्यशीला मोठी झाली. दिसायला बरी, कामाला वाघ. स्थळं आली ती परतवली गेली, कारण तिला बाहेर द्यायला गाव तयार नव्हतं. शेवटी देगलूरकडचा शिवशंकर नावाचा जीप चालवणारा मुलगा घरजावई होऊन आला. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलणारा, मनाचा मोकळा. लग्नानंतर त्याने तिला विचारलं की तू एक रात्रसुद्धा गावाबाहेर का राहत नाहीस? तेव्हा तिने त्याला जे सांगितलं ते तिने बापालाही कधी सांगितलं नव्हतं.

"मला सांगितलं व्हतं त्या दिशी," ती म्हणाली. "जमिनीनं मला सांगितलं, अन् मी नुसती रडत बसले. माय अन् मल्लूला बाहेर या म्हणले न्हाई. आता कुणाला सांगायचं ऱ्हाऊ नये."

चार वर्षांच्या पोरीने काय सांगायचं होतं, हे शिवशंकरच्या ओठावर आलं असेल, पण त्याने गिळलं. मी मात्र ऐकलं आणि मला वाटलं, बरोबरच बोलतेय.

त्यांना तनुजा झाली. तनुजा शाळेत हुशार निघाली. आईच्या मानाचा तिला लहानपणी अभिमान होता, आणि नववीत गेल्यावर थोडी शंका यायला लागली. पण आईपुढे बोलणार कोण?

सत्यशीला पस्तिशीला आली आणि मी म्हातारा झालो. माझ्या भिंती आता कुरकुरत होत्या. तिचं डोकं ठणकायचं, ती पदर घट्ट आवळून कामाला जायची. सोयाबीन काढणीच्या दिवसांत एकदा ती शेताच्या धुऱ्यावर पडली, हातपाय झटकू लागली, तोंडाला फेस आला. ते माझंच काम होतं. शेजारचा मेंदू मी इतकी वर्षं उपाशी ठेवला होता, तो आता चिडला होता. पण गावाला वाटलं की आता जमीन हिच्या अंगातच आली. नारळ फुटले. काहीजण तर तिच्या थरथरत्या पायांवर डोकं ठेवून गेले. दुसऱ्यांदा झटका आला तेव्हा शिवशंकरने कुणाला न विचारता तिला उचलून जीपमध्ये टाकलं आणि थेट लातूर गाठलं.

तिथे माझा पहिला फोटो निघाला. मेंदूच्या डॉक्टरांनी तो उजेडात धरून समजावलं. कानामागे रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, जन्मापासूनचा आहे, आणि आता भिंत कधी फुटेल याचा नेम नाही. फुटला तर बाई घरच्या घरीच संपेल. काढता येईल, धोका आहे, पण ठेवण्यात जास्त धोका आहे. आणि हो, तो काढला की डोक्यातला आवाज बंद होईल.

शेवटचं वाक्य ऐकून सत्यशीला उठून उभी राहिली. नको, म्हणाली. मरण आलं तर येऊ दे, पण आवाज काढायचा नाही. ती दोघं गावात परतल्यावर देविदासने जावयाशी बोलणंच टाकलं. त्याच्या डोक्यात एकच होतं, माझी लेक ज्याच्यामुळं वाचली ते मी कापू देणार न्हाई. चावडीवरची माणसंही येऊन बसली. बाई, तू आवाज घालवलास तर आमचं कसं, असं हळूच, फार मायेने म्हणाली. आणि मी? मी आत बसून खूश होत होतो. त्याच आठवड्यात माझी एक भिंत पापुद्र्यासारखी सुटत चालली होती, हे मला कळत होतं आणि तरी मी खूश होतो.

पंधरा दिवसांनी गोळ्यांसाठी पुन्हा लातूरला जाणं झालं. तनुजा बरोबर होती. डॉक्टरांनी सत्यशीलाच्या डाव्या कानामागे स्टेथोस्कोप ठेवला, ऐकलं, आणि काय वाटलं कोण जाणे, नळ्या तनुजाच्या कानात दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा मला दुसरं कुणी ऐकत होतं. मी जरा ताठ झालो. तनुजाने बराच वेळ ऐकलं. मग तिने आईचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली.

"आई," ती म्हणाली, "ठोक्यासंगंच येतंय. एक ठोका, एक गुरगुर. हे खालून येत न्हाई. तुझ्यातूनच येतंय."

सत्यशीलाने नळ्या हिसकून स्वतःच्या कानात घातल्या. दुसरा हात स्वतःच्या नाडीवर. ऐकत राहिली. तिचा विश्वास बसेना, म्हणून ती उठली, बाहेर गेली आणि दवाखान्याचा जिना तीन मजले चढून उतरली. धापा टाकत येऊन बसली आणि पुन्हा ऐकलं. मी नुसता धडधडत सुटलो होतो, मला थांबताच येईना. तिने नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. जिना मी चढले, मग जमीन कशी काय पळायला लागली, असं ती स्वतःशीच बोलली आणि भिंतीला टेकून खाली बसली. किती माणसांना आपण किती वेळा थंडीवाऱ्यात बाहेर काढलं, याचा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता. मग ती डॉक्टरांना म्हणाली की करा काय करायचं ते.

देविदास ऑपरेशनला आला नाही. लेकीने जमिनीशी बेइमानी केली, असं त्याला वाटत होतं.

माझा शेवट मला नीट आठवतो. कवटीची खिडकी उघडली आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यावर उजेड पडला. मग एकेक रोहिणी चिमट्यात धरून बंद करत गेले. गुरगुर बारीक झाली, अडखळली, थांबली. मला शांतता म्हणजे काय ते तोपर्यंत माहीत नव्हतं. ती फार भयंकर असते, मित्रांनो. सत्यशीलालाही तसंच वाटलं असणार. शुद्धीवर आल्या आल्या तिने डाव्या कानाला हात लावला आणि मला काहीच ऐकू येत नाही म्हणून रडू लागली. नर्सला वाटलं पेशंट बहिरी झाली. शिवशंकर हळूच म्हणाला, "मी काय म्हनून ऱ्हायलो ते ऐकू येतंय न?" तिने मान हलवली. माणसांचं सगळं येत होतं.

इकडे मला औषधाच्या पाण्यात बुडवलं, छाटून, वितळलेल्या मेणात घातलं, मेणाची वडी केली आणि पात्याने माझे तुमच्या केसापेक्षाही पातळ काप काढले. काचेवर चिकटवून गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवलं. मी सुन्न होतो. डॉक्टर लुंबिनी नावाच्या बाईंनी मला प्रथम पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत असताना मीही प्रथमच मला पाहिलं. धड रोहिणी नाही, धड नीला नाही, अशा वेड्यावाकड्या नळ्यांचा ढीग. भिंतीतला लवचीक पडदा जागोजागी तुटलेला. मधल्या फटींत वाळून राठ झालेला मेंदू. कान नाही, तोंड नाही, जमिनीचं कळण्यासाठी लागावं असं काहीच नाही. एवढासाच होतो मी.

दोन महिन्यांनी सत्यशीला तपासणीला आली, डोक्याला स्कार्फ बांधून, आणि तिच्या मागून चक्क देविदास आला. दवाखान्यात कुणालाच अपेक्षा नव्हती. लेकीच्या डोक्यातून काय काढलं ते मला दाखवा, एवढाच त्याचा हट्ट. डॉक्टर लुंबिनींनी नाही म्हटलं नाही. म्हाताऱ्याला स्टुलावर बसवलं, मला दिव्याखाली सरकवलं.

त्याचा डोळा आला. मी त्याला पस्तीस वर्षं ओळखत होतो, पण त्याच्या खांद्यावरून. लुंबिनीबाई शेजारी उभ्या राहून एकेक दाखवत होत्या. ही जाड भिंत, ही पातळ. आणि हे तपकिरी ठिपके दिसतात का बाबा, गंजासारखे? हे जुनं रक्त. हा गुंता पूर्वी केव्हातरी थोडासा पाझरलाय, मग आपोआप थांबलाय. पाझरला की डोकं असह्य दुखतं.

"किती जुनं आसंल?" देविदासने विचारलं. डोळा काढला नाही.

नेमकं सांगता येत नाही, पण बरंच जुनं, त्या म्हणाल्या. मग सत्यशीलाला विचारलं की आत्ताच्या आधी कधी एकदम डोकं धरून रडल्याचं आठवतं का? सत्यशीलाला आठवेना. देविदासला आठवलं. त्याने सूक्ष्मदर्शक दोन्ही हातांनी घट्ट आवळला, तशी माझी काच वाजली.

"मंजे लेकरू सांगत नव्हतं," तो म्हणाला. "त्याचं दुखत व्हतं."

मग तो वर न बघताच, माझ्याकडे बघतच, लेकीला म्हणाला, "सत्ये, तुझी माय उठली व्हती गं. ती म्हनली, द्या इकडं, मी घेते तिला भाईर. दिवसभर राबलेली. मी म्हनलो, तू नीज. मीच म्हनलो. जमीन हाका मारून ऱ्हायली व्हती अन् मी तिला म्हनलो, तू नीज."

एकतीस वर्षं हा माणूस त्या आवाजाला देव मानत होता आणि त्याच आवाजापुढे गुन्हेगारासारखा वागत होता, आणि हे मला, इतक्या जवळ राहून, कधी कळलं नाही. सत्यशीला त्याच्यामागे जाऊन उभी राहिली. तिने त्याचं डोकं सूक्ष्मदर्शकावरून हळूच उचललं आणि आपल्या पोटाशी धरलं.

"आबा, जमिनीनं कुणालाच हाक मारली नव्हती," ती म्हणाली. "मला बी न्हाई, तुमाला बी न्हाई. बायको दमली म्हनून तुमी तिला नीज म्हनलात. दुसरं काय म्हनावं मानसानं?"

म्हातारा हुंदके देऊन रडला. सत्यशीलाही रडली. लुंबिनीबाईंनी दिवा मालवला आणि मला अंधारात ठेवून त्या बाहेर गेल्या, त्या दोघांना खोली मोकळी करून द्यायला.

मित्रांनो, मी गुंता आहे, मला शहाणपण सांगायचा काही अधिकार नाही. पस्तीस वर्षं मी एका बाईच्या डोक्यात बसून फुकटचा मान घेतला. सगळं गाव मला ऐकायचं आणि तिला कुणी ऐकायचं नाही. म्हणून एवढंच सांगतो. कुणाच्या कानात एकसारखा आवाज येत असेल, कुणी एकाएकी पडून हातपाय झटकत असेल, तर नारळ फोडत बसू नका, दवाखान्यात न्या. आणि घरातलं धाकटं भावंड झोपेतून रडत उठलं, तर त्याच्या रडण्याचा अर्थ लावत बसू नका. त्याच्याजवळ बसा आणि आधी विचारा, बाळा, कुठं दुखतंय?

त्या पहाटे तिला हे कुणीच विचारलं नाही. दुखवणारा मीच होतो, पण मीही विचारलं नाही.